माठ, वाळा आणि कूलर



एप्रिल उजाडला की आपल्या बैठकांमध्ये हप्त्यांच्या हिशोबाआधी उकाड्याच्या गप्पा सुरू होतात. पदराने वारा घ्यायचा, घाम पुसायचा आणि म्हणायचे, काय गो हा उकाडा! यंदा अशाच एका बैठकीत गटातल्या एका ताईंनी अंतर्गत कर्जाचा अर्ज ठेवला. रक्कम नऊ हजार रुपये. कारणाच्या रकान्यात एकच शब्द होता, कूलर.

ताईंचे घर पत्र्याचे. सासूबाई दोन वर्षांपासून अंथरुणाला खिळलेल्या. दुपारी बारा ते चार त्या खोलीत उभे राहवत नाही. ताईंची बहीण अकोल्याला दिलेली आहे. मागच्या मे महिन्यात ताई तिच्याकडे चार दिवस राहून आल्या. बाहेर उन्हाच्या झळा, आणि घरात कूलरसमोर मात्र रात्री चादर ओढावी लागत होती, असे त्या सांगत होत्या. मग आपल्या सासूबाईंना एवढे सुख का नको?

दोघी-तिघी लगेच म्हणाल्या, देऊया. दुसऱ्या दोघी म्हणाल्या, ही चैन झाली, गटाचे पैसे धंद्यासाठी असतात. आवाज चढू लागले. तेवढ्यात गटातल्या सर्वांत जुन्या आजी म्हणाल्या, "अगो, पावसात मडक्यातला पानी कधी गार लागता काय?"

सगळ्या हसल्या. कूलर कुठे आणि मडके कुठे! पण आजींनी नेमके दुखण्यावर बोट ठेवले होते. आम्ही निर्णय पंधरा दिवस पुढे ढकलला. तेवढ्या दिवसांत थोडे वाचले, जाणत्यांना विचारले, एका घरी जाऊन कूलर पाहिला. त्यातून हाती लागलेली गारव्याची ही जुनी गोष्ट आज तुम्हाला सांगतो.

मडक्याची युक्ती

सुरुवात घरातूनच करू. विहिरीवर कपडे धुताना साडी भिजते. ओल्या साडीने घरी येताना वाऱ्याची झुळूक आली की अंगावर शहारा येतो. तीच झुळूक कोरड्या साडीत तेवढी गार लागत नाही. असे का होते? पाणी वाळते म्हणजे त्याची वाफ होऊन ते हवेत जाते. वाफ व्हायला उष्णता लागते. चुलीवरच्या पाण्याला ती जाळातून मिळते. ओल्या साडीतले पाणी ती आपल्या अंगातून ओढून घेते. म्हणून अंग गार पडते.

घामाचेही तेच. देवाने दिलेला पहिला कूलर म्हणजे आपले अंग. घाम वाळला तर गारवा मिळतो. घाम नुसता ओघळत राहिला तर उकडते.

माठ हाच कूलरचा पूर्वज. कच्च्या भाजणीच्या मातीला बारीक छिद्रे असतात. त्यांतून पाणी झिरपते, माठ बाहेरून ओलसर होतो, ते पाणी वाळते आणि वाळताना आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जाते. म्हणून स्टीलच्या हंड्यातले पाणी कोमट राहते आणि माठातले गार होते. उन्हाळ्यात माठावर तेलकट हात लावू नको, असे सासू सांगते ते यासाठीच. छिद्रे बुजली की माठ गार करायचा थांबतो.

यातली ताकद केवढी असते पाहा. दहा लिटरच्या माठातले जेमतेम पेलाभर पाणी वाळले, तर उरलेले सगळे पाणी अकरा-बारा अंशांनी गार होईल एवढी उष्णता ते घेऊन जाते. अर्थात बाहेरची उष्णता आत शिरत असते, म्हणून प्रत्यक्षात गारवा त्याहून कमी मिळतो. एक लिटर पाणी वाळताना जेवढी उष्णता ओढते, ती विजेच्या मापाने मोजली तर साधारण दोन तृतीयांश युनिट भरते. आणि त्याचे बिल कोणी पाठवत नाही.

आता आजींच्या प्रश्नाकडे या. पावसाळ्यात हवा आधीच पाण्याने भरलेली असते. भरल्या हंड्यात आणखी पाणी मावत नाही, तसे त्या हवेत माठाचे पाणी मावत नाही. पाणी वाळत नाही, म्हणून माठ गार होत नाही. त्याच कारणाने श्रावणात दोरीवरचे कपडे चार दिवस ओले राहतात. ही खूण लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडणार आहे.

वाळ्याच्या ताट्या आणि बाहेर बसलेला माणूस

माठाने पाणी गार झाले. मग माणसाला वाटले, अख्खी खोलीच माठासारखी करता येईल का?

आपल्याकडे वाळ्याची मुळे माठात टाकतात. पाण्याला सुगंध येतो. याच मुळ्यांचे पडदे विणून ते दारे-खिडक्यांवर लावायचे आणि त्यांवर पाणी मारत राहायचे, अशी रीत उत्तर हिंदुस्थानात होती. बाहेरचा कोरडा, तापलेला वारा ओल्या वाळ्यातून आत आला की गार आणि सुगंधी होऊन येई. अकबर बादशहाच्या दरबारातल्या अबुल फजलने सोळाव्या शतकाच्या अखेरीस 'आईन-ए-अकबरी' लिहिली. तिच्यात वाळ्याच्या या गार खोल्यांचे वर्णन आहे आणि त्यांचे श्रेय त्याने बादशहाला दिले आहे. पाणी गार करायला तेव्हा सोराही वापरत, असेही त्यात आहे. सोरा पाण्यात विरघळताना पाणी थंड होते, आणि अशा पाण्यात सुरई फिरवली की तिच्यातले पिण्याचे पाणी गार होई.

पुढे इंग्रज आले. त्यांना इथला उन्हाळा सोसवेना. त्यांनीही वाळ्याच्या ताट्या उचलल्या. पण वारा पडला की ताटी कुचकामी. म्हणून १८३०च्या सुमारास एक नवे यंत्र निघाले. धान्य उफणायच्या यंत्रासारखा मोठा पंखा पेटीत बसवायचा, पेटीला ओल्या ताट्या लावायच्या आणि ती खिडकीत ठेवून पंखा हाताने फिरवायचा. ओली ताटी, तिच्यातून हवा ओढणारा पंखा आणि खिडकीत ठेवलेली पेटी. मैत्रिणींनो, हा आजचा कूलरच झाला की! फरक एवढाच, की विजेच्या जागी माणूस होता.

इथे आम्ही वाचता वाचता थांबलो. साहेब आत गारव्यात बसलेला. बाहेर भर उन्हात एक माणूस ताटीवर पाणी मारतो आहे. दुसरा पखालीतून पाणी आणतो आहे, त्याला भिस्ती म्हणत. तिसरा छताला टांगलेल्या कापडी पंख्याची दोरी रात्रभर ओढतो आहे. गारवा एकाचा आणि घाम तिघांचा. आम्ही बायका ही गोष्ट वाचतो तेव्हा आमचे लक्ष आधी त्या पखालीकडे जाते. कारण घरातला माठ कोण भरते, ते आपल्याला माहीत आहे.

कोकणाने वेगळी वाट धरली

मग प्रश्न पडतो, वाळ्याच्या ताट्यांची ही रीत आपल्या कोकणात का रुजली नाही? पुण्यात शनिवारवाड्यात हजारी कारंजे उडत होते. कारंज्याचे तुषार हवेत वाळले की भोवतालची हवा गार होते. मग आपल्या जुन्या घरांत असे काही का दिसत नाही?

कारण आपल्या पूर्वजांना इथली हवा ठाऊक होती. समुद्राकाठी हवा मुळातच ओली. तिला आणखी ओली करून काय मिळणार? म्हणून कोकणी घराने पाण्याऐवजी सावली आणि वारा यांची कास धरली. जांभ्या दगडाच्या जाड भिंती, उंच आढे, उतरते छप्पर, पुढे-मागे पडवी, समोरासमोर दारे-खिडक्या. कौलांच्या फटींतून गरम हवा वर निघून जाते. १८६५ साली बासेल मिशनने मंगळूरला कौलांचा कारखाना काढला आणि पुढे मंगलोरी कौले किनाऱ्यावर सगळीकडे पोचली. त्याआधी नळ्यांची छपरे होती, गवताचीही होती. अंगणात झावळ्यांचे झाप घातलेला मांडव, परसात नारळी-पोफळीची दाट सावली. शेणाने सारवलेल्या जमिनीवर दुपारी नुसते आडवे झाले तरी बरे वाटायचे.

आपल्या रत्नागिरीतला थिबा राजवाडा तुम्ही पाहिला असेल. ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा थिबा याला इंग्रजांनी १८८५ साली गादीवरून काढले आणि १८८६ मध्ये रत्नागिरीत आणून ठेवले. त्याच्यासाठी हा वाडा १९१० साली बांधून झाला, आणि १९१६ मध्ये तो इथेच वारला. वाड्याची जागा उंचावर आहे, छपरे उतरती आहेत, लाकडी खिडक्या ओळीने आहेत. कैदेतल्या राजासाठीही या हवेत उंच जागा आणि मोकळा वाराच उपयोगाचा होता. पुढच्या सहलीत तिथे गेलात तर वारा कुठून आत येतो आणि कुठून बाहेर जातो, ते बघून या.

आपले दुखणे नंतर सुरू झाले. गवत गेले, कौले महाग झाली, माकडांनी ती फोडली, डागडुजीला माणूस मिळेना. म्हणून पत्रा आला. पत्रा स्वस्त, टिकाऊ, पावसाला पक्का. पण उन्हात तो तव्यासारखा तापतो आणि खाली उष्णता ओततो. ताईंच्या सासूबाई त्याच तव्याखाली झोपल्या आहेत.

अकोल्यात जमते ते इथे का नाही?

वीज आली आणि पंखा ओढणारा माणूस सुटला. १९३०च्या दशकात अमेरिकेत ॲरिझोना नावाच्या वाळवंटी भागात लोकांनी लाकडाच्या कुरळ्या ढलप्यांची गादी करून, ती पाण्याने भिजवून, मागे विजेचा पंखा लावून घरे गार करायला सुरुवात केली. आपल्याकडेही पत्र्याच्या पेटीचे, गवताच्या ताट्यांचे कूलर आले, आणि विदर्भात तर ते घराघरात पोचले. तिथे उन्हाळा आला की ताट्या बदलणे हे आपल्याकडच्या पावसाळी बेगमीसारखे नेमाचे काम असते.

तिथे कूलर चालतो, कारण तिथली हवा कोरडी असते. मे महिन्यातल्या दुपारी अकोला-नागपूरकडे पारा ४४ अंशांवर आणि हवेतली आर्द्रता १५ टक्के असेल, तर चांगला कूलर ती हवा २७-२८ अंशांपर्यंत उतरवतो. सोळा-सतरा अंशांचा फरक! चादर ओढावी लागली यात नवल नाही.

आता रत्नागिरीचा हिशोब मांडू. पारा ३३ आणि आर्द्रता ७० टक्के धरा. इथे तोच कूलर हवा २९-३० अंशांपर्यंतच आणू शकतो. फरक तीन-चार अंशांचा. आणि त्या तीन-चार अंशांच्या बदल्यात खोलीतली हवा इतकी ओली होते की घाम वाळायचा थांबतो. म्हणजे बाहेरचा कूलर चालू केला आणि अंगातला कूलर बंद पाडला!

आम्ही ज्या घरी कूलर पाहायला गेलो, तिथल्या वहिनींनी हेच सांगितले. पहिला अर्धा तास छान वाटते. मग चिकचिक सुरू होते. पापड मऊ पडले, मिठाला पाणी सुटले, काडेपेटीची काडी पेटेना. आता कूलर कोपऱ्यात उभा आहे आणि त्यावर इस्त्रीचे कपडे ठेवले आहेत. विकत घेताना दुकानात हे कोणी सांगितले नव्हते.

एक गोष्ट मात्र खरी. फेब्रुवारी-मार्चमध्ये काही दिवस घाटाकडून कोरडा, तापलेला वारा येतो, आणि समुद्राचा खारा वारा दुपारी उशिरापर्यंत आत येत नाही. त्या दिवसांत आपल्याकडेही पारा खूप चढतो आणि कपडे तासाभरात खडखडीत वाळतात. अशा दिवशी कूलर चालेल. पण वर्षातल्या अशा मोजक्या दिवसांसाठी नऊ हजारांचे कर्ज काढायचे का, हा प्रश्न उरतोच.

पर्यावरणाचा हिशोब

मग कूलर वाईट का? मुळीच नाही. ज्या हवेत तो चालतो, तिथे त्याच्याइतका सोयीचा सोबती नाही. दीड टनाचा जुना एसी पूर्ण जोरात चालला तर तासाला साधारण दीड युनिट वीज खातो. घरगुती कूलरला एक युनिट पाच-सहा तास पुरते. आपल्या राज्यातली बरीचशी वीज चंद्रपूर, कोराडीसारख्या ठिकाणी कोळसा जाळून होते. तेव्हा जितकी वीज कमी, तितका धूर कमी.

दुसरी गोष्ट, एसीत भरलेला वायू. यातले काही जुने वायू पृथ्वीवरच्या ओझोनच्या थराला भोके पाडत होते. ते थांबवायला १९८७ साली माँट्रियल शहरात जगातल्या देशांनी करार केला. त्यांच्या जागी आलेले अनेक वायू ओझोनला त्रास देत नाहीत, पण गळून हवेत गेले तर पृथ्वी तापवण्यात कार्बन डायऑक्साइडच्या दीड-दोन हजार पट भारी पडतात. म्हणून २०१६ मध्ये किगाली या शहरात त्यांनाही हळूहळू कमी करायचे ठरले. कूलरमध्ये असा कोणताच वायू नसतो. तिथे काम करते ते नुसते पाणी. शिवाय एसी खोलीतली उष्णता गल्लीत ओततो, कूलर तसे करत नाही.

एसीचा जन्मही मजेशीर आहे. १९०२ साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातल्या एका छापखान्यात दमट हवेने कागद फुगत होता आणि रंगीत छपाई बिघडत होती. ती दमट हवा कोरडी करायला विलिस कॅरियर या तरुण इंजिनिअरने यंत्र बनवले. म्हणजे एसी जन्मला तो हवेतले पाणी काढायला, आणि कूलर हवेत पाणी घालतो. दोघांची कामे मुळातच उलटी. म्हणून ओल्या हवेच्या मुंबईत एसी वाढले आणि कोरड्या हवेच्या विदर्भात कूलर.

आता तिसरा हिशोब, जो जाहिरातीत येत नाही. पाणी. कोरड्या हवेत मोठा कूलर तासाला दहा लिटर किंवा त्याहून जास्त पाणी पितो. आठ तासांचे झाले ऐंशी लिटर, म्हणजे पाच-सहा हंडे. आपल्याकडे पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, आणि तरीही एप्रिल-मेमध्ये कातळावरच्या वाड्यांना टँकरची वाट पाहावी लागते. तो सहावा हंडा कोणाच्या डोक्यावर येणार? बादशहाच्या वेळी भिस्ती होता. आपल्या घरात त्या जागी सून असते, नाहीतर शाळेतून आलेली मुलगी. कूलर पर्यावरणाला चांगला हे खरे, पण तो चांगला म्हणताना पाणी आणणाऱ्या बाईचे श्रमही त्याच पाटीवर मांडायला हवेत.

ज्यांच्या लेकी-बहिणी घाटावर किंवा विदर्भात आहेत, त्यांना चार गोष्टी सांगा. कूलर खिडकीत ठेवा आणि समोरची खिडकी उघडी ठेवा. ओली हवा बाहेर गेली नाही तर गारवा टिकत नाही. टाकी आठवड्यातून एकदा रिकामी करून, घासून कोरडी करा, कारण डेंग्यूचा डास साचलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो. लोखंडी कूलरला अर्थिंग हवेच. पाणी भरताना बटण बंद करून प्लग काढा. ओल्या हाताने, अनवाणी कूलरला हात लावू नका. शॉक लागून माणसे दगावल्याच्या बातम्या दर उन्हाळ्यात येतात.

आपल्या कामाचा गारवा

ओल्या पाण्याची ही युक्ती खोलीसाठी आपल्याला फारशी उपयोगी नसली, तरी भाजीसाठी आहे. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत १९८०च्या दशकात विजेशिवाय चालणारा शीतकक्ष तयार झाला. विटांचा ओटा करायचा. त्यावर विटांच्या दोन भिंती, एकीच्या आत दुसरी, सव्वादोन फूट उंच. दोन भिंतींमध्ये तीन इंचांची फट ठेवून तिच्यात नदीची वाळू भरायची. वर बांबूच्या चौकटीवर पेंढा किंवा गोणपाट यांचे झाकण आणि त्यावर सावलीसाठी छप्पर. सकाळ-संध्याकाळ वाळू आणि विटा भिजवायच्या. म्हणजे एक मोठा चौकोनी माठच.

कोरड्या प्रदेशात यात बाहेरच्यापेक्षा दहा-पंधरा अंशांपर्यंत गारवा मिळतो. आपल्याकडे तेवढा मिळणार नाही. पण आतली ओल भाजीला मानवते. पालेभाजी, वांगी, भेंडी लवकर सुकत नाही. कांदा-लसूण मात्र त्यात ठेवू नका, ओलीने कुजतात.

आफ्रिकेतल्या नायजेरिया देशात मोहम्मद बाह अब्बा या शिक्षकांनी १९९०च्या दशकात याहून सोपे केले. कुंभाराच्या घरात वाढलेला माणूस तो. मोठ्या मडक्यात लहान मडके, मध्ये ओली वाळू, वर ओले फडके. भाजी अनेक दिवस टिकू लागली. त्यामुळे रोज भाजी विकायला धाडल्या जाणाऱ्या मुली शाळेत जाऊ शकल्या. गुजरातेत वांकानेरच्या मनसुखभाई प्रजापती यांनी २००१च्या भूकंपानंतर मातीचा फ्रिज घडवला, तोही विजेशिवाय चालतो. आपल्या बाजारात माठ विकायला बसणाऱ्या कुंभारणीकडे केवढी विद्या आहे, ते यावरून समजते.

मग कर्जाचे काय झाले?

पंधरा दिवसांनी बैठक भरली. आम्ही हा सगळा हिशोब मांडला. ताईंचा चेहरा उतरला. त्या म्हणाल्या, "म्हणजे आईंनी तसेच भाजत राहायचे?"

हा प्रश्न टाळण्यासारखा नव्हता. अंथरुणावरच्या म्हाताऱ्या माणसाला उन्हाळा जिवावर बेतू शकतो. म्हणून नुसता 'नाही' म्हणून अर्ज परत करणे बरोबर नव्हते. कर्जाचे कारण बदलू, पण गरज तीच ठेवू, असे ठरले. साडेतीन हजार मंजूर झाले. त्यात छताचा चांगला पंखा आला. एक पंखा साधारण ७५ वॅट घेतो, म्हणजे एका युनिटात तेरा तास. पत्र्यावर चुन्याचे दोन हात दिले, कारण पांढऱ्या रंगावरून ऊन परत फिरते. पत्र्याच्या खाली हातभर जागा सोडून झापांचे आढे बांधले. झाप गटातल्याच दोघींनी विणून दिले. आणि भिंतीला वरच्या बाजूला एक झरोका पाडला, गरम हवा जायला.

आजींनी त्यात आपली भर घातली. ज्या दिवशी हवा कोरडी आणि कडक असेल, त्या दिवशी ओल्या फडक्याने सासूबाईंचे अंग पुसायचे आणि पंखा लावायचा. आमच्या लक्षात आले, हाच की तो कूलर! ताटी नाही, टाकी नाही, पाणी तांब्याभर, आणि गारवा थेट जिथे हवा तिथे. मात्र अंग खूप तापले, बोलणे असंबद्ध झाले किंवा शुद्ध हरपू लागली तर घरगुती उपाय करत बसायचे नाही. अंग ओले ठेवत लगेच दवाखाना गाठायचा.

मे महिन्यात आम्ही त्यांच्या घरी गेलो. अकोल्याचा गारवा तिथे नव्हता. चादर ओढावी लागत नव्हती. पण दुपारी दोन वाजता सासूबाईंना डोळा लागला होता आणि ताई दाराशी बसून शेंगा सोलत होत्या. पहिला हप्ता त्यांनी वेळेवर भरला.

मैत्रिणींनो, दुकानात वस्तू सगळीकडे सारखीच मिळते, हवा मात्र गावागणिक वेगळी असते. पुढच्या वेळी तुमच्या गटात कूलरचा अर्ज आला, तर आधी दोरीवरचे कपडे बघा. तासाभरात वाळत असतील तर खुशाल विचार करा. संध्याकाळपर्यंत ओलेच राहत असतील, तर आजींचा मडक्याचा प्रश्न आठवा. आणि घरात पाणी कोण भरते, तिलाही बैठकीत बोलू द्या.

तुमच्या वाडीत उन्हाळ्यावर कोणी काय उपाय केला, ते आम्हाला जरूर कळवा.